पुढचं एकच चाक परत परत तापतंय, ब्रेक धरतोय? कॅलिपर घरी उघडताना नक्की कुठे बघायचं

जुन्या गाडीचं पुढचं एक चाक, बहुतेक वेळा डावं, पावसाळा सरता सरता धरायला लागतं. गाडी एका बाजूला ओढते, ॲव्हरेज पडतं, पाम बीच रोडवरून येऊन सिग्नलला थांबलं की जळका वास येतो, गॅरेजमध्ये नेली की पॅड काढून पॉलिश पेपर मारतात, जरा ग्रीस फासतात, गाडी दोन-चार महिने बरी चालते आणि मग ये रे माझ्या मागल्या. परत गेलं की म्हणणार साहेब पॅडच बदला. पॅड बदलले तरी पुढच्या पावसाळ्यात तेच.

नेरूळ, सीवूड्स, ऐरोली, तिकडे ठाण्यात कळवा-कोपरी, म्हणजे खाडीच्या अंगाला राहणाऱ्यांना हे जरा जास्तच होतं. हवा खारट, गाडी आठवडाभर स्टिल्ट पार्किंगमध्ये उभी कारण ऑफिसला आपण ट्रान्स-हार्बर लोकलने जाणार, आणि पावसात रस्त्याच्या कडेला तुंबलेलं पाणी डावीकडचं चाकच तुडवणार. माझी 2004 ची हॅचबॅक आहे, पुढे डिस्क मागे ड्रम, एबीएस वगैरे काही नाही. त्या काळातल्या मारुती 800, झेन, अल्टो, वॅगन आर, सँट्रो यांचं साधारण असंच, पुढे एकच पिस्टन असलेला सरकता कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग), त्यामुळे खाली जे लिहितोय ते थोड्याफार फरकाने सगळ्यांना चालेल. मागेही डिस्क असलेल्या गाडीचा मागचा कॅलिपर मात्र वेगळा, त्यात हँडब्रेकची यंत्रणा असते आणि पिस्टन बहुतेक वेळा फिरवूनच आत घ्यावा लागतो. त्याला हे लावू नका.

पहिली गोष्ट, कॅलिपर खोलायची घाई नको. चाक धरतंय याची कारणं तीन-चार असतात आणि बाहेरून सगळी सारखीच दिसतात, म्हणून आधी कुठलं कारण ते पकडायचं. गाडी थोडी चालवून आणा, शक्यतो ब्रेक कमी वापरून, आणि दोन्ही पुढच्या रिमजवळ हात धरून बघा. हात जवळ धरा, डिस्कला लावू नका, डिस्क कातडी सोलून काढते. एका बाजूला धग लागतेय आणि दुसरी कोमट असेल तर प्रश्नच मिटला. कोविडमध्ये घेतलेली कपाळावर धरायची बंदूक इथे कामाची नाही, बहुतेकांची रेंज अंगाच्या तापमानापुरतीच असते, वर्कशॉपवाला इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर झकास. एका रिमवर काळी पूड जास्त साचते हेही बघून ठेवा.

ओढण्याची दिशासुद्धा बरंच सांगते, पण इथे बरेच जण उलटं समजतात. ब्रेक न मारता गाडी डावीकडे जात असेल तर डावा धरलाय, हे सोपं. पण ब्रेक मारल्यावरच डावीकडे जात असेल तर डावा जास्त धरतोय किंवा उजवा कामच करत नाहीये, दोन्ही शक्य आहे. आणि टायरची हवा आणि अलाइनमेंट आधी बघून घ्या, नाहीतर पंचर टायरसाठी कॅलिपर उघडून बसाल.

आता खरी टेस्ट. सपाट जागेवर हँडब्रेक लावून, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड किंवा विटा लावून, चाकाचे नट आधी जमिनीवरच सैल करून मग गाडी जॅकवर घ्या आणि लगेच घोडी (जॅक स्टँड) लावा. जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालायचा नाही, घोडी नसेल तर त्या दिवशी काम नाही. चाक हाताने फिरवा, पॅड किंचित घासल्याचा आवाज येतो तेवढं चालतं. कुणालातरी ब्रेक दाबून सोडायला सांगा आणि परत फिरवा. धरून बसलं असेल तर कॅलिपरवरचा ब्लीडर, ज्यातून ब्रेकची हवा काढतात तो निप्पल, पाव आटा सैल करा. थोडं ऑइल उडालं आणि चाक एकदम मोकळं झालं, तर कॅलिपर निर्दोष आहे, प्रेशरच अडकून राहिलंय. ब्लीडर उघडूनही चाक तसंच घट्ट असेल तर मग मेकॅनिकल, म्हणजे पिस्टन नाहीतर कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना.

ही एवढी टेस्ट फुकट आहे आणि पाच मिनिटांची आहे, तरी ती कुणी करत नाही याचं मला नवल वाटतं.

प्रेशर अडकलं असेल आणि फक्त एकाच चाकाला असेल तर संशय होजवर, म्हणजे कॅलिपरला ऑइल आणणाऱ्या रबरी नळीवर घ्या. रबरी होज आतून फुगतो किंवा त्याचा आतला थर सुटतो, पायाच्या जोराने ऑइल पुढे जातं पण परत यायला वाट राहत नाही. बाहेरून होज चकाचक दिसतो म्हणून तो वाचतो. अजून एक गंमत म्हणजे होज जिथे पत्र्याच्या पट्टीत धरलेला असतो तिथे ती पट्टी आतून गंजून फुगते आणि होजच आवळते. पक्कं करायचं असेल तर होजच्या अलीकडचा, म्हणजे लोखंडी पाइपकडचा नट किंचित सैल करून बघा. तिथे उघडून चाक सुटलं नाही पण ब्लीडर उघडून सुटलं, तर होजच दोषी, दोन्ही बाजूंचे जोडीने बदला. दोन्ही पुढची चाकं एकदम धरत असतील तर मास्टर सिलिंडरकडे (पेडल दाबल्यावर सगळ्या चाकांना प्रेशर देतो तो) बघा, विशेषतः अलीकडे मास्टर किंवा पायाचा जोर वाढवणारा बूस्टर बदललेला असेल आणि पेडलला वर जराही मोकळी हालचाल राहिली नसेल तर.

मेकॅनिकल असेल तर आता पॅड काढून जोडीने ठेवा, ते बोलतात. बाहेरचा पॅड जास्त झिजलाय आणि आतला ठीक आहे, तर कॅलिपर पिनांवर मागे सरकत नाहीये. आतलाच जास्त झिजलाय तर पिस्टन मागे जात नाहीये, किंवा पिना इतक्या जॅम आहेत की बाहेरच्या पॅडला काम करायची संधीच मिळत नाही. एखादा पॅड तिरका, पाचरीसारखा झिजलाय तर दोनपैकी एक पिन अडकलीय किंवा पॅडचे कान, म्हणजे दोन्ही टोकं, पॅड धरणाऱ्या ब्रॅकेटच्या खाचेत गंजाने बसलेत. ब्रॅकेटमधल्या स्टीलच्या पट्ट्या काढा आणि त्यांच्याखाली बघा, तिथे गंजाची खपली जमून पट्टी वर उचललेली असते, कानस किंवा वायर ब्रशने ती साफ केली की पॅड बोटाने सरकला पाहिजे. हातोडीने ठोकून बसवलेला पॅड हा धरणारच.

पिना हाताने ओढून बघा. नीट असतील तर रबराच्या बूटातून, म्हणजे आवरणातून, सुळकन आत-बाहेर होतात. आत पांढरं-तपकिरी चिकट काहीतरी झालं असेल तर ते चुकीचं ग्रीस. गॅरेजमध्ये सर्रास बेअरिंगला लावायचं ग्रीस लावतात, ते मिनरल ऑइलचं असतं, आणि ब्रेकमधलं रबर बहुतेक ईपीडीएम असतं जे मिनरल ऑइलने फुगतं. मग पिन घट्ट, म्हणजे ग्रीस लावल्यामुळेच जॅम. पिनांना सिलिकॉन ग्रीस किंवा ब्रेकसाठीचं सिंथेटिक ग्रीस, तेही पातळ थर, भोकात कोंबायचं नाही, कारण मग पिन आत जाताना हवा कोंडते आणि परत बाहेर ढकलते. काही गाड्यांत एका पिनेच्या टोकाला रबरी बुश असतं आणि दुसरी साधी असते, त्यांची अदलाबदल करू नका, काढतानाच मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पिना नीट केल्या आणि पिस्टनही पॅडच्या जागी लाकूड धरून सहज मागे जातोय, बूटही शाबूत आहे, तर इथेच थांबा, पुढचं सगळं करायची गरज नाही.

पिस्टन मागे जात नसेल, खूप जोर लावल्यावर कुरकुरत जात असेल, किंवा त्याचा धूळ अडवणारा बूट फाटला असेल तर रिबिल्ड, म्हणजे कॅलिपर खोलून, साफ करून नवीन सील-बूट टाकणं. आणि इथे मला जे सांगायचंय ते येतं, कारण घरी रिबिल्ड करणारे आणि गॅरेजवाले दोघेही पिस्टन चकचकीत करतात, नवीन किट टाकतात आणि तरी सहा महिन्यांनी चाक परत धरतं.

पिस्टनला मागे कोण खेचतं? स्प्रिंग वगैरे काही नसते. कॅलिपरच्या आत एक खाच असते, त्यात चौकोनी छेदाची रबरी रिंग म्हणजे सील बसते आणि ती पिस्टनला घट्ट धरून असते. ब्रेक दाबला की पिस्टन पुढे जातो आणि सीलची आतली कड त्याच्याबरोबर जरा पिळवटते. पाय सोडला की रबर परत सरळ होतं आणि पिस्टनला सोबत घेऊन येतं, मिलिमीटरच्या अंशाएवढंच, पण तेवढं पुरतं. पॅड झिजला की पिस्टन सीलमधून थोडा पुढे घसरतो, ॲडजस्टमेंट आपोआप. म्हणजे अख्खा परतीचा प्रवास त्या एका रबराच्या लवचिकपणावर आहे आणि रबराला पिळवटायला खाचेत जागा लागते. आता फाटक्या बूटमधून पाणी आत गेलं, शिवाय ब्रेक ऑइल स्वतःही हवेतली आर्द्रता शोषतं, कॅलिपर बिडाचा, की सीलच्या मागे, खाचेच्या तळाशी गंज आणि वाळलेल्या ऑइलची खर जमते. ती सीलला मागून पिस्टनवर दाबते. सुजलेल्या बोटात अंगठी रुतावी तसा पिस्टन सीलमध्ये रुततो. पायाच्या जोराने तो पुढे जातोच, कारण हायड्रॉलिकचा जोर प्रचंड, पण परत यायला रबराची ताकद पुरत नाही.

तर नवीन सील त्याच खर असलेल्या खाचेत बसवलं तर ते पहिल्या दिवसापासून आवळलेलंच राहणार. म्हणून खाच आधी, पिस्टन नंतर. बूट ज्या खाचेत बसतो तीही तशीच, तिथला गंज फुगून बूटलाच बाहेर ढकलतो आणि पाण्याला दार उघडतो.

आता उघडायचं कसं. किट घ्यायच्या आधी पिस्टनचा व्यास व्हर्नियरने मोजा किंवा जुना कॅलिपर दुकानात घेऊन जा, एकाच मॉडेलला वेगवेगळ्या वर्षी वेगळा कॅलिपर लागलेला असू शकतो आणि दुकानदार "एकच आहे घ्या" म्हणतो. किटमध्ये सील, बूट, कधी पिनांचे बूट येतात, पिस्टन वेगळा मागावा लागतो. ठाणे-वाशीत मिळालं नाही तर कुर्ल्याचा सीएसटी रोड आहेच, पण तिथून जुना वापरलेला कॅलिपर आणून तसाच लावायचा विचार असेल तर सोडा, त्याच्या खाचेतही तेच भरलेलं असणार. बॉडी म्हणून घ्या, रिबिल्ड करायचाच आहे.

पिस्टन बाहेर काढायला सगळ्यात सुरक्षित साधन गाडीतच आहे, ब्रेक पेडल. होज लावलेलाच असताना पॅड काढा, समोर लाकडाची फळी ठेवा जेणेकरून पिस्टन पूर्ण बाहेर पडणार नाही, आणि हळूहळू पेडल दाबून त्याला शेवटापर्यंत आणा. ऑइल दबत नाही त्यामुळे तो उडत नाही, सरकत येतो. एका वेळी एकच बाजू करा, दोन्ही बाजूंचे पॅड एकदम काढले तर जो मोकळा आहे तोच आधी बाहेर पडेल आणि जॅम झालेला जागचा हलणार नाही. कॉम्प्रेसरची हवा मारून पिस्टन काढायचे व्हिडिओ खूप आहेत. हिशोब करा, 48 मिमी व्यासाच्या पिस्टनचं क्षेत्रफळ सुमारे 18 चौरस सेंटीमीटर, त्यावर टायरमध्ये असते तेवढी म्हणजे 30 पीएसआय हवा दिली तरी 38 किलोच्या आसपास जोर बसतो, आणि कॉम्प्रेसरमध्ये याच्या तिप्पट-चौपट प्रेशर असतं. मध्ये बोट असेल तर बोट जातं. पेडलनेही पिस्टन येत नसेल तर तो कॅलिपर घरी करायच्या लायकीचा राहिला नाही, नवीन आणा.

होज सोडताना ट्रे लावा आणि ब्रेक ऑइल रंगावर पडू देऊ नका, ते पेंट खातं. पडलंच तर पुसत बसू नका, लगेच भरपूर पाणी ओता, ते पाण्यात विरघळतं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये करत असाल तर शेजारच्या काकांची नवी गाडी बाजूला घ्यायला सांगा, नाहीतर कॅलिपरपेक्षा मोठी दुरुस्ती निघेल. काही गाड्यांत होज बँजो बोल्टने (ज्यातून ऑइल जातं असा पोकळ बोल्ट) जोडलेला असतो, दोन्ही बाजूंना तांब्याचे वॉशर, ते नवीनच टाकायचे. काहींत होजचं टोकच कॅलिपरमध्ये आट्यांनी बसवलेलं असतं, तिथे होजला पीळ न देता, आधी पाव आटा सैल करून मग कॅलिपरच फिरवून सोडवायचा. लोखंडी पाइपाच्या नटाला साधा पाना लावला की कोपरे जातात, फ्लेअर नटचा पाना आणा. ब्लीडर गंजला असेल तर आदल्या रात्रीच गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा, रबरावर नाही, आणि सुटतच नसेल तर ताकद दाखवू नका, तो आतच तुटतो.

कॅलिपर टेबलावर आला की सील आणि बूट काढून टाका आणि खाच टॉर्चने बघा. बहुतेकांना खाच दिसतच नाही इतकी ती भरलेली असते. स्क्रूड्रायव्हर किंवा दाभण घालून खरवडायचा मोह होतो, पण खाचेत ओरखडा पडला की तिथून ऑइल झिरपणार. बांबूची काडी तासून चपटी करा, नाहीतर पितळेची बारीक पट्टी घ्या, आणि ब्रेक क्लीनर मारत मारत गोल फिरवत राहा. हे कंटाळवाणं काम आहे, कॅलिपर रिबिल्डमधला सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो आणि जायलाच पाहिजे. खाचेचा तळ आणि दोन्ही कोपरे धातूच्या रंगाचे दिसेपर्यंत थांबायचं नाही. तळ किंचित तिरका असू शकतो, तो झिजलेला नाही, सील पिळवटायला मुद्दाम तसा केलेला असतो. तिथे घासून सरळ करायला जाऊ नका.

सिलिंडरच्या भिंतीवर थोडे डाग किंवा बारीक खड्डे दिसले तर घाबरू नका. मास्टर सिलिंडरमध्ये सील पिस्टनवर असतं आणि भिंतीला घासतं म्हणून तिथे भिंत गुळगुळीत लागते, इथे सील भिंतीच्या खाचेत बसलेलं असतं आणि पिस्टनला घासतं, म्हणून इथे पिस्टन गुळगुळीत लागतो. भिंतीला 1000 नंबरचा किंवा त्याहून बारीक पॉलिश पेपर ब्रेक ऑइलमध्ये भिजवून हलका फिरवला की पुरे. पिस्टनला मात्र पेपर लावायचा नाही. त्यावर क्रोमचा पातळ थर असतो, तो गेला की खालचं लोखंड खारट हवेत किती दिवस टिकणार. नखाने चाचपा, सील जिथे घासतं त्या भागात नखाला खड्डा लागला किंवा क्रोमचा पापुद्रा सुटलेला दिसला तर पिस्टन फेका. पॅडकडच्या अगदी टोकाला, बूटच्याही बाहेर, थोडा गंज असेल तर चालून जातं.

धुवायला पेट्रोल, रॉकेल, डिझेल अजिबात नाही, कितीही सवय असली तरी. ब्रेक क्लीनर, नसेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल, पूर्ण वाळवायचं आणि शेवटी नव्या ब्रेक ऑइलने एकदा विसळून घ्यायचं. पॅडची पूड तोंडाने फुंकू नका, जुन्या पॅडमध्ये काय असेल सांगता येत नाही, मास्क लावा आणि ओल्या फडक्याने पुसा.

जोडणी खरं तर सोपी आहे. हात स्वच्छ, सील नव्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवून खाचेत बोटाने बसवायचं, कुठे पीळ पडला नाही ना हे सगळीकडे बोट फिरवून बघायचं. बूट काही कॅलिपरमध्ये आधी खाचेत बसतो, काहींत पिस्टनच्या मागच्या टोकावर चढवून मग पिस्टनबरोबर आत जातो, काढताना फोटो काढला असेल तर कळेल. पिस्टनला ऑइल लावून सरळ ठेवा आणि दोन्ही अंगठ्यांनी दाबा. जरा अडखळून मग सील ओलांडताना एकसारखा जोर लागतो आणि तो आत जातो. अंगठ्यांनी गेला नाही आणि सी-क्लॅम्प आठवायला लागला, तर थांबा, पिस्टन तिरका आहे, सील पिळलंय किंवा खाच अजून साफ झालेली नाही. हीच खाचेची परीक्षा. जोर लावून आत घातलेला पिस्टन जोर लावूनच बाहेर येणार आणि परत जाणार नाही.

गाडीवर चढवताना एक बघा, ब्लीडर वरच्या बाजूला आला पाहिजे. डावा-उजवा कॅलिपर पुष्कळदा एकमेकांच्या जागी बसतात आणि मग ब्लीडर खाली येतो, हवा वर अडकून राहते, माणूस लिटरभर ऑइल ओतून थकतो आणि पेडल स्पंजीच. बोल्ट आपापल्या गाडीच्या मॅन्युअलमधल्या टॉर्कला, अंदाजाने पिळून आटे घालवू नका. तांब्याचं ग्रीस लावायचं असेल तर पॅडच्या पाठीवर आणि कानांना, रबराजवळ नको, डिस्कवर तर नकोच.

हवा काढायला दोन माणसं लागतात. माझ्याकडे भाचा बसतो पेडलवर, मी चाकाजवळ. "दाब." "दाबलं मामा." ब्लीडर उघडा, फुगे येतात, बंद करा. "आता सोड." ब्लीडर बंद व्हायच्या आधी त्याने पाय सोडला तर हवा परत आत, एवढंच काय ते शिकवायचं. ब्लीडरला पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीत ऑइलखाली बुडवा आणि टाकीतली लेव्हल दर थोड्या वेळाने बघत राहा, ती रिकामी झाली तर चारही चाकांचं काम निघालं. जुन्या गाडीत अजून एक गोष्ट, पेडल पूर्ण तळापर्यंत दाबू द्यायचं नाही. मास्टर सिलिंडरचं सील रोज जेवढं सरकतं त्याच्यापुढचा भाग वर्षानुवर्षं वापरात नसतो, तिथे गंज आणि गाळ असतो, सील तिथवर गेलं की फाटतं आणि मग कॅलिपर झकास पण मास्टर गेला. पेडलखाली लाकडाचा तुकडा ठेवला की प्रश्न मिटतो. इंजिन बंदच ठेवा.

ब्रेक ऑइल त्याच्या टाकीच्या झाकणावर लिहिलंय तेच, डॉट ही त्याची प्रत. डॉट 3 च्या गाडीत डॉट 4 चालतं, डॉट 5 नाही, ते सिलिकॉनचं आहे आणि यात मिसळत नाही. बाटली सीलबंदच घ्या, मागच्या वर्षीची अर्धी उरलेली नको. डॉट 3 चा उत्कलन बिंदू नवीन असताना किमान 205 अंश, पाणी शोषल्यावर 140 पर्यंत येतो, डॉट 4 चा 230 वरून 155. चाक धरलेलं असताना कॅलिपर किती तापतो ते आपण बघितलंच, त्यात असं पाणी मुरलेलं ऑइल असेल तर घोडबंदरला गायमुखच्या उतारावर पेडल अचानक खाली जाऊ शकतं. काढलेलं जुनं ऑइल गटारात ओतू नका, बंद बाटलीत भरून गॅरेजवाल्याला द्या, पण इंजिन ऑइलपासून वेगळं.

चाक लावलं, गाडी खाली आली, तरी लगेच चालू करून हलवायची नाही. पिस्टन अजून आत असू शकतो, मग पहिल्यांदा दाबलं की पेडल खाली जाणार. उभ्या गाडीत पेडल कडक होईपर्यंत पंप करा, मग इंजिन चालू करून परत दाबून धरा. हळूहळू खाली सरकत असेल तर कुठेतरी गळतंय, गाडी हलवायची नाही. ठीक असेल तर रविवारी सकाळी महापे-रबाळेच्या एमआयडीसीतल्या आतल्या रस्त्यावर न्या, आधी चालण्याच्या वेगात, मग तीस-चाळीसवरून सावकाश काही वेळा थांबवा, मध्ये डिस्कला गार व्हायला वेळ द्या. परत आल्यावर दोन्ही रिमजवळ हात. दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीची लेव्हल आणि चाकाच्या आतली बाजू टॉर्चने, ओलसर काही दिसलं तर परत उघडा. पुढे दर वर्षी पावसाळ्याआधी पिना काढून पुसून ग्रीस आणि बूटवर एक नजर, दोन वर्षांनी ऑइल.

आणि डावा असा नीट केल्यावर ब्रेक मारताना गाडी किंचित डावीकडे ओढायला लागली तर लगेच डाव्याला शिव्या देऊ नका. डावा आता पूर्ण काम करतोय आणि उजवा तेवढ्याच वर्षांचा जुना आहे, त्याच्याही खाचेत तेच भरलंय, फक्त अजून पूर्ण अडकलेला नाही. किट घेतानाच दोन घ्या आणि पुढच्या रविवारी उजवा उघडा.